मसाला मी करते, मेसेज ती बघते: छोट्या धंद्याला व्हर्च्युअल असिस्टंट लावायची असेल तर

माझा मसाल्याचा आणि पिठांचा घरगुती धंदा आहे, ठाणे पूर्वेला कोपरीत. गोडा, मालवणी, आगरी, कांदा-लसूण, थालीपीठाची भाजणी वर्षभर आणि चकलीची दिवाळीच्या तोंडावर. मार्च ते मे हा आमचा सीझन, वर्षाचा मसाला लोकं पावसाच्या आधीच करून ठेवतात ना, तर ते तीन महिने माझा दिवस मिरचीत आणि रात्र मोबाईलमध्ये जायची. रात्री साडेदहाला हात धुऊन बसलं की शंभर-सव्वाशे मेसेज वाट बघत असायचे, ताई रेट काय, ताई कधी मिळेल, ताई जीपे केलंय बघा, ताई मागच्या वेळी पिवळ्या पाकिटातलं दिलेलं तेच द्या. उत्तरं देता देता डोळा लागायचा आणि सकाळी कळायचं की अर्ध्या लोकांना उत्तर गेलंच नाही, आणि एका बाईंना दोनदा गेलंय ते पण दोन वेगवेगळ्या रेटचं.

आता हे सगळं ऐरोलीची एक मुलगी बघते, तिच्या घरून, रोज दोन तास. याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. नाव ऐकलं की वाटतं हे आयटीवाल्यांचं किंवा डॉलरमध्ये कमावणाऱ्यांचं काम असणार, मलापण तसंच वाटायचं, पण मुळात ती मदतनीसच, फक्त आपल्या दुकानात न बसता स्वतःच्या घरी लॅपटॉपवर बसते. ओळखीतल्या पाच-सहा जणींनी कसं केलं विचारलं, प्रत्येकीला फोनवर तासभर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी वही, माणूस नंतर

बहुतेक जणं उलटं करतात. खूप काम झालंय, कोणीतरी ठेवूया, म्हणून ठेवतात आणि पहिल्या दिवशी ती विचारते ताई काय करू, तर आपल्याला सांगताच येत नाही. मी पण पहिल्यांदा असंच केलं होतं, ती कथा पुढे येईलच.

आठ दिवस एक साधी वही मोबाईलशेजारी ठेवा आणि जे काम केलं ते आणि त्याला किती मिनिटं गेली एवढंच लिहा. सुंदर अक्षर नको, तक्ता नको. माझ्या वहीत दुसऱ्याच दिवशी दिसलं की मसाला कांडण्यापेक्षा जास्त वेळ मी "पूर्ण पत्ता आणि पिनकोड पाठवा" हे टाईप करण्यात घालवते. हे वाचून हसू पण आलं आणि राग पण.

मग त्या कामांपुढे मी एक-एक अक्षर टाकलं. ह म्हणजे हाताचं, ड म्हणजे डोक्याचं, ब म्हणजे बोटांचं. भाजणं, कांडणं, चाळणं हाताचं. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, जाऊन ब्याडगी मिरची घ्यायची का या वर्षी संकेश्वरी वाढवायची, रेट किती ठेवायचा, कोणाला उधार द्यायचं, हे डोक्याचं. आणि रेट पाठवणं, पत्ता मागणं, शीटमध्ये भरणं, कुरियर बुक करणं, ट्रॅकिंग नंबर पाठवणं, महिन्याची बिलं एका फोल्डरमध्ये लावून सीएला देणं, हे सगळं बोटांचं. दुसऱ्याला द्यायचं ते फक्त बोटांचं. डोक्याचं काम दिलंत तर ती अंदाज करणार आणि अंदाज चुकला की खापर तिच्यावर फुटणार, जे बरोबर नाही.

मसाल्याचंच असं नाही. माझा मावसभाऊ वागळे इस्टेटला छोटे मशीन पार्ट बनवतो, त्याच्या वहीत बोटांची कामं वेगळीच निघाली. कोटेशन टाईप करणं, ई-वे बिल म्हणजे माल गाडीने पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद काढणं (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाखाच्या वरचा असेल तर लागतं, राज्याबाहेर ५० हजाराच्या वर), आणि सगळ्यात मोठं म्हणजे पैशासाठी मागे लागणं. त्याच्या असिस्टंटने येणे बाकीची एक यादी केली ज्यात बिलाला १५ दिवस झाले, ३० झाले, ४५ झाले असे तीन रकाने आहेत. २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांसाठीच्या) कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत यायला पाहिजे आणि करार नसला तर १५ च. हा नियम त्याला माहीत होता, पण मोठ्या पार्टीला स्वतः आठवण करायला लाज वाटायची. आता ती मुलगी दर सोमवारी गोड शब्दांत मेल टाकते आणि पैसे येतात. त्याच्या तोंडून निघू शकलं नसतं ते तिच्या मेलमधून निघतं, कारण तिला त्या साहेबांबरोबर चहा प्यायचा नसतो.

काय द्यायचं नाही

एक, पैसे. बँकेचा पासवर्ड, ओटीपी, यूपीआय पिन, काहीही झालं तरी नाही, ती तुमची सख्खी भाची असली तरी नाही. दोन, तक्रार. मसाला तिखट लागला, पाकीट फुटलं, वजन कमी वाटलं, असा मेसेज आला की तिने फक्त "ताईंना सांगते, त्या आज फोन करतील" एवढंच लिहायचं आणि मी खरोखर त्याच दिवशी फोन करायचा. तीन, घासाघीस. चार, जुनी माणसं. माझ्याकडे दहा-बारा गिऱ्हाईकं अशी आहेत जी फोन करून आधी पंधरा मिनिटं गुडघ्यांचं सांगतात आणि मग अर्धा किलो गोडा सांगतात, त्यांना कॅटलॉगची लिंक पाठवली तर पुढच्या वर्षी ती दुसरीकडे जाणार.

शिकवायचं कसं

इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की प्रत्येक कामाची पद्धत डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवा. अहो, ते लिहायला वेळ असता तर माणूस कशाला ठेवला असता. मी वेगळं केलं. काम करता करता व्हॉइस नोट पाठवल्या, जशी मी बोलते तशाच. "हे बघ आता या बाईंनी आगरी मागितलाय पण किती ते नाही लिहिलं, तर मी आधी विचारते घरात किती माणसं, चार माणसांना वर्षाला साधारण किती लागतो ते त्यांना सांगायला लागतं." जिथे मोबाईलवर बटणं दाबायची असतात तिथे स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. आणि पद्धत लिहून काढायचं काम तिलाच दिलं. तिने लिहायचं, मी वाचायचं. यात दुहेरी फायदा, तिला नीट कळलंय की नाही ते लिखाणातच दिसतं आणि आपले कागद फुकटात तयार होतात.

तिने पहिल्या आठवड्यात मला सतरा प्रश्न लिहून पाठवले. आगरी आणि मालवणी यात फरक विचारला तर काय सांगू? कांदा-लसूण किती दिवस टिकतो? अमुक काकू तमुक वहिनींच्या ओळखीने आल्या तर डिस्काउंट आहे का? खरं सांगते, सहा प्रश्नांचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं, मी त्या-त्या वेळी मूडप्रमाणे करत होते. ते सहा निर्णय त्या दिवशी बसून घेतले. डिस्काउंट बंद, पाच किलोच्या वर घरपोच फुकट, विषय संपला.

नेहमीची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय करून ठेवा, स्लॅश दाबून एक शब्द टाईप केला की अख्खा मेसेज येतो. पण ती उत्तरं तुमच्या बोलण्यातलीच लिहा. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं "आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आपले आभार". मी म्हटलं अगं, मला लोकं फोन करून विचारतील बँकेत लागलीस का म्हणून. आता तिथे "नमस्कार, रेट खाली देतेय, किती किलो आणि कुठे पाठवायचं तेवढं सांगा" असं आहे.

माणूस कुठे मिळतो

परदेशी वेबसाईटवर फिलिपाईन्सपासून जगभरातली माणसं मिळतात, कामात तरबेज असतात, पण ज्याचं गिऱ्हाईक मराठीत आणि ते पण अर्धवट मराठीत टाईप करतं त्याला त्यांचा उपयोग नाही. एजन्सी पण असतात, तिथे एक सुट्टीवर गेली तर दुसरी मिळते ही सोय, पण आज ही उद्या ती झाली की गिऱ्हाईकाचं "मागच्या वेळचं" कोणालाच आठवत नाही. माझं मत विचाराल तर जवळपास बघा. ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर, डोंबिवली, कुठल्याही सोसायटीत चार तरी बायका अशा असतात ज्या चांगल्या ऑफिसात कामाला होत्या आणि बाळ झाल्यावर किंवा सासूच्या आजारपणात नोकरी सोडली, कारण नोकरी जमत नव्हती असं नाही, सकाळच्या लोकलचा प्रवास जमेना. माझी अशीच मिळाली, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एकीने तिच्या वहिनीचं नाव दिलं. पहिले चार महिने आम्ही भेटलो पण नव्हतो, मग एकदा ठाण्याला ट्रान्सहार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवर भेटलो, मी वाशीहून येत होते मिरचीची पोती बुक करून आणि ती ऐरोलीहून काहीतरी खरेदीला ठाण्यात आलेली. मी तिला आवाजावरून जरा ठेंगणी समजत होते.

बायोडाटा बघून काही कळत नाही. परीक्षा घ्या, पण परीक्षेचे पैसे द्या. मी खरे आलेले दहा गोंधळाचे मेसेज नाव-नंबर काढून पाठवते आणि सांगते यातून ऑर्डरची यादी बनवून दे. उदाहरणार्थ:

"ताई अर्धा आगरी नि ते पिवळं पाकीट, पत्ता तोच"

"२ किलो पाठवा मिस्टर जीपे करतील"

"१ किलो आगरी कळवा"

हा शेवटचा मेसेज माझ्या पहिल्या असिस्टंटची देणगी आहे. ती मुलगी हुशार होती, टायपिंग भराभर, पण राहणारी विदर्भातली. तिने उत्तर दिलं, "१ किलो आगरी मसाल्याचा रेट अमुक अमुक आहे". त्या बाईंनी परत लिहिलं "अहो कळवा". हिने परत रेट कळवला. तिसऱ्यांदा बाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, मी कळव्याला राहते हो, कळवा, ठाण्याच्या पुढचं स्टेशन, तुमच्याकडे कोण मशीन बसलंय का? तिची चूक नव्हतीच, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तर परीक्षेत उत्तर बरोबर आलं का हे बघूच नका. तिने प्रश्न विचारला का ते बघा. "पिवळं पाकीट म्हणजे कुठला मसाला, ते कुठे बघू?" असं विचारणारी घ्या. जी दहाच्या दहा ओळी भरून पाच मिनिटांत पाठवते आणि एकही प्रश्न नाही ती मला नको, कारण ती सीझनमध्ये पण असंच करणार.

चाव्या कशा द्यायच्या

याच्यावर जरा थांबून वाचा, कारण इथेच लोकं फसतात.

पहिलं म्हणजे धंद्याचा नंबर वेगळा घ्या. घरच्याच नंबरवर बिझनेस अ‍ॅप चालवत असाल आणि असिस्टंटला जोडलंत तर तिला सासूबाईंचे मेसेजपण दिसणार. नवीन सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन माझ्याकडे. मुख्य फोन माझ्याकडेच राहतो आणि तिचा लॅपटॉप लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडलेला आहे. एका नंबरला असे चार डिव्हाइस जोडता येतात. ती समोर नव्हती म्हणून क्यूआर स्कॅन न करता फोन नंबर टाकून आठ अक्षरांच्या कोडने जोडलं, त्या वेळी व्हिडिओ कॉल चालू ठेवला होता. हाच कोड फसवणारे लोक पण मागतात, त्यामुळे आपण स्वतः जोडायला बसलेलो नसताना कोणी कोड टाक म्हटलं तर टाकायचा नाही. आणि तो मुख्य फोन कपाटात ठेवून विसरू नका, १४ दिवस वापरला नाही तर जोडलेले सगळे डिव्हाइस आपोआप बाहेर पडतात. माझं गणपतीत झालं होतं, गावाला गेलो आणि धंद्याचा फोन घरीच.

ऑर्डरची यादी गुगल शीटवर. ती तिच्या ईमेलने उघडते, माझ्या पासवर्डने नाही. रेटची शीट तिला फक्त बघता येते, बदलता येत नाही. ऑर्डरच्या शीटमध्ये सगळं भरता येतं पण एक रकाना लॉक करून ठेवलाय, त्याबद्दल पुढे सांगते. चुकून काही पुसलं गेलं तर व्हर्जन हिस्टरीतून कालचं परत आणता येतं, हे तिला पहिल्याच दिवशी दाखवा म्हणजे ती घाबरून चूक लपवणार नाही.

फेसबुक पेजचा पासवर्ड कधीच देऊ नका, पेजला माणूस जोडून त्याला फक्त पोस्ट आणि मेसेजपुरते अधिकार देता येतात. गुगल मॅपवरचं दुकानाचं प्रोफाइल असेल तर तिथे मालक आपण आणि तिला मॅनेजर करायचं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर पण सब-युजर काढता येतो, मावसभावाने तसंच केलंय. जिथे एकच पासवर्ड असतो आणि देणं भागच आहे, उदाहरणार्थ काही कुरियरची खाती, तिथे बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमधून शेअर करा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवलेला पासवर्ड जन्मभर तिथेच पडून राहतो.

आता तो लॉक केलेला रकाना. गेल्या सीझनला २,३४० रुपयांची ऑर्डर होती, स्क्रीनशॉट आला, हिरवी टिक, नाव बरोबर, रक्कम बरोबर, पार्सल गेलं. पैसे आलेच नाहीत. तो स्क्रीनशॉट बनवलेला होता, हल्ली असली खोटी अ‍ॅप फिरतात. दोष कोणाचा? माझा, कारण पैसे आले की नाही ते बघायची सोय मी तिला दिली नव्हती आणि स्वतःही बघत नव्हते. तेव्हापासून शीटमध्ये दोन रकाने आहेत. "स्क्रीनशॉट आला" हा ती भरते, सोबत यूपीआयचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर टाकते. "पैसे आले" हा फक्त मी भरते, दुपारी एकदा आणि रात्री आठला एकदा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघून. दुसऱ्या रकान्यात टिक नसेल तर पार्सल हलत नाही, मग ती बाई माझी नणंद का असेना. काही मर्चंट अ‍ॅपमध्ये स्टाफला फक्त आलेली पेमेंट दिसतील अशी सोय असते, ती वापरली तरी चालेल, मला आपलं स्वतः बघितल्याशिवाय झोप येत नाही.

आणि एक, गिऱ्हाईकांचे नाव-पत्ते-नंबर ही आपल्यावर टाकलेली भिस्त आहे. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात पण जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच धरलेली आहे, काम तुम्ही दुसऱ्याला दिलं तरी. म्हणून तिला सांगून ठेवलंय की यादी स्वतःच्या मोबाईलमध्ये उतरवायची नाही, मेसेज नीट करून घेण्यासाठी एआयच्या चॅटमध्ये टाकायचा असेल तर नाव-नंबर काढून टाकायचा.

पैसे किती, कसे

मी सुरुवातीला पर ऑर्डर द्यायचं ठरवलं होतं आणि ते चुकलंच. पर ऑर्डर म्हटलं की माणूस घाई करतो आणि चौकशीला उत्तर द्यायला कंटाळतो, कारण चौकशीचे पैसे नाहीत. मग महिनाभर तासावर ठेवलं, ती किती वेळात काय करते ते दोघींना कळलं, आणि त्यावरून महिन्याची रक्कम ठरली. सध्या रोज दोन तासांचे, आठवड्यातले सहा दिवस, महिन्याला ८,००० देते, मार्च ते मे रोज चार तास आणि रक्कम त्याच हिशोबात दुप्पट. तुमच्याकडे हे कमी-जास्त होईल, कामावर आहे. पण एक बघा, तुमचे जे दोन तास सुटले त्यात तुम्ही काय करणार ते आधी ठरवा. मी त्या वेळात भाजणीचा एक घाणा जास्त काढते, त्यातूनच तिचा पगार सुटतो. नुसती मालिका बघणार असाल तरी हरकत नाही, पण मग तो खर्च आरामाच्या खात्यात मांडायचा, धंद्याच्या नाही.

एक पानी कागद करा. कामं कुठली, वेळ कोणती, पैसे कधी (आमच्याकडे ५ तारखेच्या आत), सुट्टी किती, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि गिऱ्हाईकांची यादी बाहेर द्यायची नाही. मराठीत लिहा, दोघींच्या सह्या, झालं. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी साधारण वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे घरून काम करणारी बहुतेक मुलगी साधं बिल देईल, ते महिन्याच्या महिन्याला मागून ठेवा. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायचा का ते तुमच्या सीएला विचारा, ते तुमच्या धंद्याच्या आकारावर आहे. आणि खात्यावरच पाठवा, रोख नको.

पहिला महिना

सगळं एकदम देऊ नका. पहिल्या आठवड्यात माझी असिस्टंट फक्त शीट भरायची, उत्तरं मीच द्यायचे. दुसऱ्यात ती उत्तर लिहून मला दाखवायची, मी हो म्हटलं की पाठवायची. हे वैतागवाणं असतं, दर दोन मिनिटांनी टिंग वाजतं, वाटतं यापेक्षा मीच केलं असतं, पण तो आठवडा काढाच. तिसऱ्या आठवड्यापासून उत्तरं तिची. कुरियर शेवटी दिलं, कारण चुकीचं उत्तर दुरुस्त करता येतं पण चुकीचं पार्सल गेलं की गेलं.

तरी चुकलंच. एका गिऱ्हाईकाने फक्त "वाशी" लिहिलं होतं, कुरियरच्या साईटवर वाशी टाकलं की दोन वाशी येतात, एक आपली आणि एक धाराशिव जिल्ह्यातली तालुक्याची. ऑर्डर नवी मुंबईची, पार्सल गेलं मराठवाड्यात आणि बारा दिवसांनी फिरून आलं. त्यानंतर नियम केला की पिनकोड गिऱ्हाईकाकडूनच घ्यायचा, आपण शोधून टाकायचा नाही. आणि टाकल्यावर एकदा नजर टाकायची, महाराष्ट्राचा पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतो, त्यात ४०३ म्हणजे गोवा. ठाणे शहराचा किंवा वाशी-ऐरोली-नेरूळचा पत्ता असेल आणि पिनकोड ४०० ने सुरू होत नसेल तर थांबायचं (खारघर-पनवेलचा मात्र ४१० ने सुरू होतो). एवढ्या एका नजरेने नंतर तीन पार्सलं वाचली. गावाकडे जिथे खासगी कुरियर जात नाही तिथे आम्ही स्पीड पोस्ट करतो, पावती मी तिला फोटो काढून टाकते आणि १३ अक्षर-आकड्यांचा ट्रॅकिंग नंबर ती गिऱ्हाईकाला पाठवते.

रोज संध्याकाळी ती मला तीन ओळी टाकते. आलं, गेलं, अडलं. "आलं २२, गेलं १८, अडलं ३: घोडबंदरच्या पत्त्यात बिल्डिंगचं नाव नाही, नाशिकचं पेमेंट नाही, एका काकांना कमी तिखट पाहिजे म्हणजे कुठली मिरची ते तुम्ही सांगा." आधी आम्ही दिवसभर बोलायचो आणि तरी कोणालाच काही कळायचं नाही. आता मी दिवसातून दोनदा उघडते आणि अडलेल्याचं उत्तर देते, आणि ते उत्तर त्याच दिवशी द्यायचं हे माझ्यावर बंधन. पहिल्या महिन्यात तिच्यापेक्षा मीच जास्त उशीर करत होते. एकदा ती म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण अडलंमध्ये तीन दिवस एकच नाव आहे आणि ते तुमच्याकडे अडलंय." बरोबर बोलली.

आणि सतत डोकावू नका. सुरुवातीला मी रात्री बारा वाजता शीट उघडून तिने कुठे स्पेलिंग चुकवलं ते बघायचे. माझे मिस्टर म्हणाले, मग पैसे कशाला देतेस. शुक्रवारी दहा ऑर्डर अशाच कुठल्याही उचलून शेवटपर्यंत तपासते, तेवढं पुरतं.

ती गेली तर

जाणार हे धरूनच चाला. नोकरी लागेल, बाळ होईल, गावाला जाईल. ती जायची ठरली की त्याच दिवशी बसून लिंक्ड डिव्हाइस काढा, शीटचं शेअरिंग बंद करा, पेज आणि मॅपवरून नाव काढा, जे पासवर्ड दिलेत ते बदला. भांडण झालं म्हणून नाही, छान निरोप देऊन पण हे करायचंच, आणि तिला आधीच सांगून ठेवायचं की असं करणार आहे म्हणजे तिला वाईट वाटत नाही.

सुट्टीचं पण बघा. माझी असिस्टंट गौरी-गणपतीत दहा दिवस माहेरी जाते, त्या वेळी तिचीच एक मैत्रीण बसते, घणसोलीची. मैत्रिणीला शिकवायला मला अर्धा तास पण लागला नाही, कारण माझ्या असिस्टंटने लिहून काढलेली पद्धतीची शीट होती. पहिल्या दिवशी ती शीट मी पण खूप महिन्यांनी वरून खालपर्यंत वाचली. खाली खाली माझ्या असिस्टंटने स्वतःच्या मनाने ओळी घातल्या होत्या ज्या मी कधी सांगितल्याच नव्हत्या. पिवळं पाकीट म्हणजे जुना मालवणी, २ वर्षांपूर्वीचं पॅकिंग. "कळवा" आलं की आधी गाव आहे का विचारा. आणि एका ओळीत, चेंदणीच्या आजींना मेसेज करू नका, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ताईंना सांगा फोन करायला, दुपारी चारनंतर.